‘पोरगी असती तर घातलं असतं आर्ट्सला’

“मॅडम, पोरगी असती तर घातलं असतं की आर्ट्सला. पण हा पोरगा आहे. उद्या ह्याला घर चालवायचंय.”

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. साताऱ्याजवळच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेले वडील, ८४ टक्के मिळवलेला मुलगा आणि त्याची मोठी बहीण असे तिघं करिअर समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलाला इतिहास शिकायचा होता. वडिलांचा प्रश्न नेहमीचाच, निकालाच्या दिवसांत मला रोज दोन-तीनदा ऐकू येतो: आर्ट्सला स्कोप काय?

ते वाक्य बोलले तेव्हा त्यांची पोरगी शेजारच्याच खुर्चीत होती. नुकतीच बी.ए.ची शेवटची परीक्षा दिलेली. दहावीला तिला भावापेक्षा चार टक्के जास्त होते, हे मला नंतर कळलं. कारण मी तिला “तू सोबत आलीस होय?” एवढंच विचारलं आणि मुलाच्या गुणपत्रिकेकडे वळले. पंधरा वर्षं हे काम करतेय, तरी.

“सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे राहतात,” वडील म्हणाले. यात तथ्य आहे. बारावी सायन्सनंतर बी.ए.ला जाता येतं, बारावी आर्ट्सनंतर इंजिनिअरिंगला नाही. पण ज्याला फिजिक्सचं पुस्तक उघडवत नाही, तो दोन वर्षं क्लासची फी भरून पन्नास टक्क्यांवर येतो आणि मग ‘सायन्स झेपलं नाही’ असा शिक्का घेऊन बी.ए.लाच जातो. विषय तेच, पण आता हरून घेतलेले. असे मुलगे माझ्याकडे दरवर्षी येतात. मुली त्या मानानं कमी, कारण कित्येकींना पहिल्यापासून तिथंच घातलेलं असतं. कॉलेज जवळ, फी कमी, आणि लग्न ठरेपर्यंत नावापुढं काहीतरी लागतं.

मी त्यांना विचारलं, “गावातली किती पोरं एमपीएससी करतात?”

“आठ-दहा असतील. पुण्यात आहेत, सदाशिव पेठेत.”

“काय वाचतात ती?”

मुलगाच म्हणाला, “इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थशास्त्र.”

म्हणजे इंजिनिअर होऊन, खोलीभाडं भरून, अकरावी-बारावी आर्ट्सचेच विषय. त्यात राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, पानंच्या पानं लिहावी लागतात. वडील पुढे सरकून बसले. मी लगेच हेही सांगितलं की जागा थोड्या आणि बसणारे लाखो, त्यामुळे तेवढ्या एका आशेवर शाखा निवडू नका. बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी पाच वर्षांच्या लॉची सीईटी देता येते, बी.एड. आहे, अनुवाद आहे. आणि गाईड पाठ करून मिळवलेल्या बी.ए.ला कुणी विचारत नाही, हेही खरंच.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, “ताईला मोडी येते.”

वडिलांनी मान हलवली. “हां, आमच्या भावकीचे कागद हिनंच वाचले.” २०२३मध्ये आरक्षणाच्या दाखल्यांसाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली होती. मराठीच्या ज्या जुन्या लिपीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिच्यावर घराघरांतल्या दाखल्यांचं भवितव्य टांगलेलं. शेजारच्या आळीनं म्हणे साताऱ्याच्या एका गृहस्थांना पानामागं पैसे मोजले होते.

“हिला किती दिले?”

“घरचीच पोरगी. हिला काय द्यायचे?”

“वर चहापण मीच केला होता,” ती म्हणाली. आल्यापासूनचं तिचं हे पहिलंच वाक्य.

उठताना वडील म्हणाले, “साहेब होणार असेल तर घेऊ दे आर्ट्स.” मुलगा खूश. मी मात्र चरफडले, स्वतःवरच. माझा एमपीएससीचा मुद्दा लागू पडला होता, पण फक्त मुलापुरता. तीच पुस्तकं त्याच्या हातात पडली की साहेब होण्याची तयारी आणि तिच्या हातात वेळ घालवणं. तिच्या एम.ए.चं विचारलं, तर “बघू, स्थळं यायला लागलीत” म्हणाले. तिला म्हटलं, तू एकटी ये, नाहीतर फोन कर.

फोन ऑगस्टमध्ये आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या एम.ए.बद्दल आणि हॉस्टेलबद्दल तिनं बरंच विचारलं. वडिलांनी अजून होकार दिला नव्हता. मग म्हणाली, “मॅडम, आत्याच्या सासरचे मोडी कागद आलेत. पानामागं किती सांगू?”

मला कुठला दर माहीत असायला? ते साताऱ्याचे गृहस्थ घेतात तेवढेच सांग, म्हटलं.

मागून वडिलांचा आवाज आला, “आत्याकडनं पैसे घेणार तू?”

“घेणार,” ती म्हणाली, आणि मला पुन्हा हॉस्टेलचं विचारू लागली.