घारापुरीला जायचंय? आधी वेरूळ गाठ

कॅमेरा नवा आहे ना, मग थेट घारापुरीला, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावर, पळू नकोस. एक सकाळ आपल्या वेरूळच्या २९ नंबरच्या लेण्यात घालव. त्याची मांडणी घारापुरीच्या मोठ्या लेण्यासारखीच, उजेड तीन बाजूंनी येतो. तिथं हात बसला की तिकडं गडबडणार नाहीस. वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी. मी एकदा सोमवारीच गेटवेवर जाऊन उभा होतो, बॅग खांद्याला लावून!

रात्री देवगिरी एक्सप्रेसनं निघ, सकाळी मुंबई. गेटवेवरून पहिलीच लाँच धर, तासाभरात बेट. वर शंभरावर पायऱ्या आहेत, तेव्हा लेन्स दोनच घे. ट्रायपॉड घरीच ठेव, त्याला परवानगी लागते.

सदाशिवाची, म्हणजे तीन चेहऱ्यांच्या शिवाची मूर्ती जवळपास ६ मीटर उंच, दक्षिणेच्या भिंतीत, अंधारात. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १६०० च्या पुढं बिनधास्त चढव, खांबाशेजारी पाय रोवून श्वास धर. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मूर्तीच्या चेहऱ्यावर मोज, नाहीतर बाहेरच्या उन्हापुढं मूर्ती काळी पडते. मधला शांत चेहरा सगळेच काढतात. तू डावीकडच्या उग्र चेहऱ्याजवळ, म्हणजे अघोराजवळ जरा रेंगाळ, मिशीची कड उजेडात येते का बघ.

आणि हातात बिस्किटाचा पुडा नको बाबा, माकडं लई डांबरट आहेत.