संदेश झाकला, पण नंबराचे काय?

प्रश्न : मी एका स्वयंसेवी गटात काम करते. घरात किंवा कामाच्या ठिकाणी छळ सोसणाऱ्या स्त्रिया आमच्याशी मोबाइलवरून संपर्क साधतात. आजवर आम्ही व्हॉट्सॲप वापरत आलो. आता कोणी सिग्नल घ्या म्हणते, कोणी टेलिग्राम, तर एक सहकारी मोबाइल नंबरच न मागणारे ॲप सुचवतात. ‘एन्क्रिप्शन सगळीकडे असतेच, मग फरक काय पडतो?’ असेही काही जण विचारतात. आम्ही काय निवडावे?
– एक वाचक (विनंतीवरून नाव दिलेले नाही)

उत्तर : आपल्या गटापुढे दोन वेगवेगळ्या गरजा आहेत आणि त्या एकत्र धरल्या गेल्यामुळेच निवड अवघड वाटते आहे. संदेशात काय लिहिले आहे ते तिसऱ्याला वाचता येऊ नये, ही एक गरज. आणि ती स्त्री आपल्या गटाशी बोलते आहे हेच मुळात कोणाला कळू नये, ही दुसरी. एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश बोलणाऱ्यांखेरीज कोणालाही वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात पाठवणे, फक्त पहिली गरज भागवते. दुसरी भागवायची तर काहीतरी सोडावे लागते, आणि ते काय सोडायचे हे कोणापासून लपायचे आहे त्यावर ठरते.

पहिल्या गरजेपुरते बोलायचे तर व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांत फारसे अंतर नाही, कारण सिग्नलसाठी तयार झालेली एन्क्रिप्शनची पद्धतच व्हॉट्सॲपने २०१६ पासून सर्व संभाषणांना लागू केली आहे. फरक आहे तो मजकुराभोवतीच्या माहितीत, म्हणजे कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले यात. व्हॉट्सॲप मेटा कंपनीचे आहे आणि अशी बरीच माहिती त्या कंपनीच्या हाती येते. सिग्नलकडे मात्र २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन आदेशाने दोन नंबरांची माहिती मागितली गेली, तेव्हा खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले, याखेरीज देण्यासारखे त्यांच्याजवळ काहीच निघाले नाही. जी माहिती साठवलीच नाही ती कोणी मागून नेऊ शकत नाही, आणि सिग्नलवर विश्वास ठेवण्याचे हे मला सर्वांत भक्कम कारण वाटते.

टेलिग्रामचा विचार आपल्या कामासाठी करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. तिथले नेहमीचे संभाषण दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसते, ते कंपनीच्या सर्व्हरवर राहते. ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम वेगळी सुरू करावी लागते, ती दोघांतच चालते आणि ग्रुपसाठी ती सोयच नाही. शिवाय २०२४ मध्ये संस्थापकांना फ्रान्समध्ये अटक झाल्यानंतर कंपनीने आपले धोरण बदलले, आणि कायदेशीर मागणी आल्यास नंबर व आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) देण्याची मुभा पूर्वीपेक्षा रुंद केली.

आता नंबराकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. सिग्नलवर खाते उघडायला आजही मोबाइल नंबर लागतो, आणि बहुतेकांचा नंबर त्यांच्या ओळखपत्राशी बांधलेला असतो. २०२४ पासून तिथे युजरनेमची सोय झाली, त्यामुळे नंबर न सांगताही बोलता येते. मात्र सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आपला नंबर कोणाला दिसतो, हा पर्याय मुळातच ‘कोणालाही नाही’वर असतो, पण नंबरावरून आपल्याला कोण शोधू शकते, हा पर्याय ‘सर्व’वर असतो आणि तो स्वतः जाऊन बदलावा लागतो. तो न बदलल्यास, जिचा नंबर एखाद्याच्या फोनमध्ये आहे ती सिग्नल वापरते, एवढे त्या माणसाला सहज कळते. सोबत नोंदणीचे कुलूपही लावून घ्यावे, म्हणजे आपला नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवताना पिन मागितला जातो. २०२२ मध्ये पडताळणीचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली, तेव्हा सिग्नलच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवले जाण्याचा धोका निर्माण झाला होता. जुने संदेश फोनवरच असल्यामुळे ते सुरक्षित राहिले, पण पिनचे कुलूप असलेल्यांना तो धोकाही नव्हता.

मग नंबर न मागणारेच ॲप का घेऊ नये? थ्रीमा आठ अक्षरांचा एक ओळख-क्रमांक देते, सेशन आणि सिम्प्लेक्स यांनाही नंबर लागत नाही, आणि ब्रायर तर टॉरच्या (कोण कुठून जोडले आहे ते लपवणाऱ्या) जाळ्यातून किंवा इंटरनेट नसताना ब्लूटूथवरूनही चालते. निनावी राहण्यासाठी ही साधने चांगली आहेत, पण त्यांची किंमत तिथे मोजावी लागते जिथे आपल्या गटाला ती सर्वांत कमी परवडते. फोन हरवला आणि बॅकअप किंवा सांकेतिक शब्द जपून ठेवलेले नसले, तर खाते कायमचे जाते. ब्रायरमध्ये दोघांचे फोन एकाच वेळी चालू असावे लागतात, नाहीतर निरोप साठवायला वेगळा फोन चालू ठेवावा लागतो. समोरचे खाते खरोखर त्याच स्त्रीचे आहे, की तिचा फोन हाती घेतलेल्या कोणाचे, हे नंबराशिवाय ओळखणे आणखी कठीण होते. आणि घाबरलेल्या बाईला अनोळखी ॲप उतरवून घ्यायला सांगणे म्हणजे तिच्या फोनवर एक नवे चिन्ह ठेवणे. घरातला माणूस ‘हे काय आहे?’ असे पहिल्यांदा त्याच चिन्हाबद्दल विचारणार आहे.

आपल्या बाबतीत हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना सरकारपासून किंवा कंपनीपासून नव्हे, तर हाताच्या अंतरावर असलेल्या माणसापासून लपायचे असते. त्याला एन्क्रिप्शन फोडावे लागत नाही. तिच्या फोनचा पासवर्ड त्याला माहीत असतो. व्हॉट्सॲप असो वा सिग्नल, सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे एखादा अनोळखी संगणक दिसला, तर तिचे सारे संभाषण दुसरीकडेही उमटत असण्याची शक्यता आहे. बंद पडद्यावर संदेशाच्या पहिल्या ओळी झळकतात, त्याही बंद कराव्यात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शन देण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती स्वतः चालू करावी लागते.

मात्र एक काळजी घ्या. ते उपकरण दिसताक्षणी काढून टाका, असा सल्ला तिला घाईने देऊ नका. पाळत अचानक तुटली की पाळत ठेवणारा सावध होतो आणि कधी कधी अधिक हिंसक होतो. आधी सुरक्षित जागा आणि पुढची पावले ठरू द्यावीत. तोवर महत्त्वाचे बोलणे तिने विश्वासातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून करावे.

म्हणून माझे उत्तर असे : गटातील सहकाऱ्यांनी आपसांत सिग्नलच वापरावे, आणि स्त्रियांना देण्यासाठी गटाचे एक युजरनेम ठेवावे. त्या खात्याची नोंदणी कोणा कार्यकर्तीच्या खासगी नंबरवर नव्हे, तर गटाच्या वेगळ्या नंबरवर करावी. पण जी स्त्री व्हॉट्सॲपवरच येते तिला तिथेच उत्तर द्यावे. तिला आपल्या सोयीच्या ॲपवर ओढू नये. कोणते साधन तिला कमी धोक्याचे, हे तिलाच विचारावे.

प्रश्न : संदेश ठरावीक काळाने आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू ठेवावी का? पुढे तक्रार करायची झाली, तर पुरावा कुठून आणायचा?
– त्याच वाचक

उत्तर : गटाच्या आपसांतील संभाषणात ती जरूर चालू ठेवावी. एक आठवड्याची मुदत पुरेशी आहे, कारण एखाद्या सहकाऱ्याचा फोन हरवला तरी जुन्या प्रकरणांचा तपशील त्यात सापडणार नाही. पण ही सोय फक्त साठा कमी करते. समोरच्याने पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले, तर त्यावर तिचा काही इलाज चालत नाही.

पुराव्याचे म्हणाल तर धमक्या सहसा छळणाऱ्याच्या संदेशांत असतात, आपल्याशी झालेल्या बोलण्यात नसतात. त्या संदेशांवर मुदत लावू नये, आणि छळणाऱ्यानेच ती लावली असेल तर संदेश नाहीसे होण्याआधी त्यांच्या प्रती काढाव्यात. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल अशा त्या प्रती तिच्या संमतीने तिच्या फोनबाहेर, त्याच्या हाती न लागणाऱ्या जागी ठेवाव्यात. त्या आपल्या गटाने सांभाळाव्यात असे तिने सांगितले, तर कोणत्या दोन सहकाऱ्यांना त्या उघडता येतील हे तिच्यासमोर ठरवून लिहून ठेवावे.