अर्ज दाखल होऊन चार महिने झाले, तरी केस पुढे का सरकत नाही?

तुम्ही लिहिलंय की वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला, दोनदा जाऊन आलात आणि दोन्ही वेळा फक्त पुढची तारीख मिळाली. मी वकील नाही, पण मुलुंडहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात, जिथे हे न्यायालय आहे) हेलपाटे घालून स्वतःची केस संपवलीय, म्हणून सांगते: बहुतेक समन्सची बजावणी झाली नसेल.

समोरच्याच्या हातात समन्स पडेपर्यंत काहीच हलत नाही. माझ्या वेळी ते दोनदा ‘घर बंद’ शेरा घेऊन परत आलं. चूक माझीच. नवऱ्याने केव्हाच सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता मी दिला होता. त्याच्या ऑफिसचा पत्ता दिला तेव्हा कुठे बजावणी झाली. तोवर पाच महिने गेले.

त्यानंतर दोघांना समुपदेशकांकडे पाठवतात. ‘नांदायला परत पाठवतील’ म्हणून माझी आई घाबरली होती. तसं काही नसतं. समेटाचा प्रयत्न करणं 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयाचं कामच आहे, पण जबरदस्ती कोणी करत नाही. उलट मुलाला कधी भेटायचं, दागिने कोणाकडे, हे आमचं तिथेच मिटलं.

खरी लढाई अंतरिम पोटगीची, म्हणजे केस चालू असताना मिळणाऱ्या खर्चाची. हिंदू विवाह कायद्याखाली हा अर्ज नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कलम 24 सांगतं. त्यातल्या ‘शक्यतो’वर वकिलांचं घर चालतं! समोरच्यांनी म्हणणं मांडायलाच चार तारखा घेतल्या. पण 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. म्हणून हा अर्ज अजून केला नसेल तर आधी तो करा. पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, मुलाच्या फीच्या पावत्या आजच एका फाइलीत लावा.

पुढे मुद्दे निघतात (म्हणजे वाद नेमका कशाकशावर आहे ते कोर्ट ठरवतं), सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र (आपली साक्ष लेखी), मग समोरच्या वकिलाची उलटतपासणी. ती बंद दालनात घ्या असं कोणीही पक्षकार सांगू शकतो, तेव्हा चार लोकांसमोर तमाशा होईल ही भीती नको. निकाल पटला नाही तर अपील उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींपुढे.

मध्येच दोघांचं जमलं तर परस्पर संमतीने घटस्फोट घ्या. वेगळं राहून वर्ष झालेलं हवं. संमतीचा अर्ज केल्यावर थांबायचे सहा महिने माफ होऊ शकतात, 2017 च्या निकालामुळे, पण मागावे लागतात.

वकिलाची फी झेपत नसेल तर मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्नाची अट नाही.

आणि आज एवढं करा: ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या सरकारी) ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा ओळख क्रमांक, टाकून मागच्या तारखेला काय झालं ते वाचा. बजावणी बाकी दिसली तर वकिलाला फोन करून विचारा, अर्जात पत्ता कुठला दिलाय.