पुस्तकातली माणसं पोट कशावर भरतात?

(या महिन्याच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत आमचे एक जुने वाचक. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत.)

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालोय, वाचायला भरपूर वेळ आहे. चरित्रं, आत्मचरित्रं, इतिहास आवडीनं वाचतो. कादंबरी हातात घेतली की मात्र वाटतं, हे सगळं रचलेलं. यातून आपल्याला कळणार काय? तुम्ही दोन्ही वाचता, म्हणून विचारतो.
– एक वाचक, कराड

उत्तर : पुस्तक उघडताना ते घडलेलं की रचलेलं, हे मी बघत नाही. दोन्हीकडं मी एकच गोष्ट शोधतो. यातली माणसं पोट कशावर भरतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? पाऊस गेला तर ती काय करतात, उसनं कुणाकडं मागतात, दाणे संपले की कुणाच्या दारात उभी राहतात? माझं आयुष्य वहीत नावं आणि रकमा मांडण्यात चाललंय. शेतकऱ्यानं उचल मागितली की त्यामागं लग्न आहे, दवाखाना आहे की मोटर जळलीय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरनं कळतं. पुस्तकात ते नसलं तर माझं मन लागत नाही.

आता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ सालची कादंबरी, म्हणजे तुमच्या हिशेबानं रचलेली. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर जातो, तर शाळेत पोरंच नाहीत; ती मेंढरांमागं गेलेली. शेकूकडं एकच बैल उरतो तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जू खांद्यावर घेते. मी ते पान कितीदा वाचलंय, आणि दर वेळी पुस्तक मिटून बसलोय. लेखक तिथं एक शब्द जास्त बोलत नाही. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरं घेऊन माणसं निघून जातात आणि वाडी ओस पडते. आटपाडी, जत, माण, खटाव या भागात दुष्काळ म्हणजे काय, हे कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा मला या लहानशा कादंबरीनं नीट सांगितलं. तुमच्या कपाटातल्या किती आत्मचरित्रांत लेखकाचा पहिला पगार किती होता, त्यात घर कसं चालायचं, हे लिहिलेलं आहे? बघा एकदा. बहुतेकांत सत्कार आहेत, भेटीगाठी आहेत. घरखर्चाचा पत्ताच नाही.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’बद्दल मी जे म्हणणार आहे ते सांगलीत काहींना आवडणार नाही. खांडेकर सांगलीत जन्मले, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, याचा मलाही अभिमान आहे. पण ‘ययाति’तला राजा स्वतःच्या वासनेवर इतकं बोलतो, तरी त्याचं राज्य कोण नांगरतं हे दिसत नाही. शर्मिष्ठेचा भाग मात्र मला खरा वाटतो. राजकन्या होती ती, देवयानीची दासी झाली. दुसऱ्याचं ऐकावं लागणं म्हणजे काय, हे तिच्या तोंडून आलं की पुस्तकात जीव येतो.

महाभारताचंच दुसरं उदाहरण देतो, कारण तुमच्या प्रश्नाला ते नेमकं लागू पडतं. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ कादंबरी आणि इरावती कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं ‘युगान्त’, दोन्ही १९६७ सालची. ‘मृत्युंजय’ वाचून कर्णासाठी रडलो नाही असा आमच्या पिढीतला माणूस विरळा. मीही रडलो. तरी आज पुन्हा हातात घ्यायचं झालं तर मी ‘युगान्त’ घेईन. त्यात बाई सरळ विचारतात की खांडववन का जाळलं? आतले प्राणी, नाग, सगळे का मारले? आणि उत्तर देतात, शेतीला जमीन हवी होती. देवांच्या गोष्टीखाली जमिनीचा व्यवहार आहे, हे त्यांनी दाखवलं आणि माझं महाभारत वाचणंच बदललं. म्हणजे इथं मी तुमच्या बाजूला आलो, पण ते पुस्तक कल्पित नाही म्हणून नव्हे.

आपल्याच दोन जिल्ह्यांतली आणखी दोन पुस्तकं सांगतो. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’, वाटेगावची. लोक त्यातलं शौर्य सांगतात. मला त्यातली भूक मोठी वाटते. फकिरा धान्य लुटतो ते उपाशी माणसांत वाटायला. दुसरं लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. फलटणकडच्या कैकाडी घरातलं हे आत्मकथन. गाढवांवर बिऱ्हाड, गावोगाव फिरून टोपल्या विणायच्या, त्यासाठी फोक कुठनं आणायचे, पाटलानं गावाबाहेर उतरू दिलं नाही तर काय, हे सगळं त्यात आहे. ‘फकिरा’ कादंबरी, ‘उपरा’ स्वतःचं आयुष्य. एकामागोमाग एक वाचा आणि कुठल्यात खरं जास्त आहे ते मला कळवा. सुरुवात मात्र ‘बनगरवाडी’पासून करा.

प्रश्न : सासूबाईंच्या डोळ्यांनी आता वाचवत नाही. रोज दुपारी मी त्यांना वाचून दाखवते. पोथ्या झाल्या, कथासंग्रह झाले. आता काय घेऊ?
– एक वाचक, विटा

उत्तर : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या, ताई. दुसरा विचारच करू नका. मोठ्यानं वाचण्यासाठी याच्याइतकं चांगलं मराठी पुस्तक मला माहीत नाही, कारण बाई लिहीत नाहीत, समोर बसून बोलतात. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात आलेलं मीठ, साखरसुद्धा धुऊन घ्यायचे! तुमच्या सासूबाई तिथं हसतील. पुढं त्यांचे यजमान टिळक ख्रिस्ती होतात आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहतात, तो भाग हळू वाचा. नवऱ्यावरची माया, धर्म, नातेवाईक, हातात पैसा नसणं, सगळं एकाच वेळी अंगावर आलेलं आहे, आणि बाईंच्या लिहिण्यात कुणाबद्दल विखार नाही. सासूबाई मध्येच थांबवून स्वतःचं काही सांगू लागल्या तर सांगू द्या. पुस्तक पळून जात नाही.

प्रश्न : मी शेती करतो. वाचायची सवय नाही, पण लावून घ्यायचीय. एकच पुस्तक सांगा.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मला, शिकून शास्त्रज्ञ झाला आणि १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथल्या शेतकऱ्यांनी कापसावर कापूस घेऊन जमीन पार खंगवलेली. त्यानं त्यांना भुईमूग, चवळी लावायला सांगितलं, कारण शेंगावर्गीय पिकं जमिनीला नत्र परत देतात. नुसतं सांगून थांबला नाही. गाडीत अवजारं, बियाणं भरून शिक्षण थेट शेतकऱ्यांच्या दारात नेलं. कृष्णाकाठी उसावर ऊस आणि पाटानं सोडलेलं पाणी यांनी किती रानं क्षारपड झाली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल. म्हणूनच हे पुस्तक तुम्हाला सुचवतोय. रोज चार-पाच पानं पुरेत. कापसाच्या जमिनीचा भाग आला की तेवढा वडिलांनाही वाचून दाखवा आणि आपल्या रानाबद्दल ते काय म्हणतात ते ऐका.