दोन चायनीज औषधं एकत्र घेतली तर?

प्रश्न: गुडघ्यांसाठी एका चायनीज वैद्यांनी काढ्याची पुडी दिलीय, त्यात फूत्झ आणि गानत्साओ आहे. पचनासाठी मी स्वतःच चायनीज तयार गोळ्या आणल्यात. शिवाय बीपीची गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी आणि रक्त पातळ व्हायला वॉरफरिन चालू आहे. वनस्पतीच आहेत तर सगळं एकत्र चालेल ना? वय ६१.

उत्तर: काकू, प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, पण आधी त्या पचनाच्या गोळ्या थांबवा आणि बाकी काहीही, विशेषतः वॉरफरिन, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चायनीज वैद्यकात कशाबरोबर काय द्यायचं नाही याची जुनी यादीच आहे, 'अठरा विरोधी' म्हणतात तिला. बचनागाच्या जातीच्या विषारी मुळांबरोबर बानशिया किंवा बेइमू ही औषधं नकोत असं त्यात आहे, आणि तुमचं फूत्झ त्याच कुळातलं, बेइमू तर खोकल्याच्या चायनीज सिरपमध्ये सर्रास असतं, म्हणून सिरप घेताना लेबल बघाच. आता गंमत अशी की काही जुन्या नुस्ख्यांमध्ये हीच विरोधी जोडी मुद्दाम घातलेली सापडते, पण ते जाणकार वैद्याचं काम, आपण घरी करून बघायचं नाही.

मला मात्र जास्त काळजी गानत्साओची वाटते. गानत्साओ म्हणजे आपलं ज्येष्ठमध. खूप चायनीज नुस्ख्यांत ते असतंच, त्यामुळे काढ्यात एकदा, गोळीत परत एकदा असा डबल डोस पोटात जातो आणि आपल्याला पत्ताच नसतो. जास्त दिवस जास्त गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, आणि तुमची लघवीची गोळी पोटॅशियम उतरवणाऱ्या प्रकारची असेल तर त्यात आणखी भर पडते. पायाला सूज, स्नायूंत अशक्तपणा, धडधड असं काही वाटलं तर रक्त तपासून घ्या.

वॉरफरिनवाल्यांनी दानशेन आणि दांगग्वेई ही दोन चायनीज मुळ्यांची नावं पाठ करून ठेवावीत, दोन्हींमुळे रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या केसेस आहेत. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शी दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

नावातला घोळ तर विचारूच नका. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या औषधात हान फांगजीच्या जागी ग्वांग फांगजी गेलं, नाव जवळपास तेच पण वनस्पती वेगळी, त्यात किडनीला घातक असं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड, शंभरहून जास्त जणांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे काहींना कॅन्सरही. म्हणून घटक न लिहिलेली गोळी नकोच. सगळी पाकिटं, डब्या, अगदी रिकामी झालेली सुद्धा, एका पिशवीत घालून वैद्य आणि डॉक्टर दोघांना दाखवा, तोंडी सांगताना हमखास काहीतरी राहतं.

प्रश्न: फूत्झ बाकीच्या पुडीबरोबरच उकळलं तर चालतं का?

उत्तर: नाही हो. ते आधी वेगळं, निदान अर्धा ते एक तास उकळायचं, वैद्यांनी जास्त सांगितलं असेल तर तेवढा वेळ, मग बाकीचं त्यात. त्यातलं विष उकळल्याने कमी होतं. कच्चं किंवा घाईत उकळलेलं प्यायल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, छाती धडधडली तर वाट बघत बसू नका, उरलेला काढा आणि पुडी घेऊन तसंच हॉस्पिटलला जा.