वाचकांचे प्रश्न : ‘आहे’ दिसलं की ‘आयएनजी’ लावायचं का?

प्रश्न : मुलाखतीत मी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणालो. चूक दुरुस्त करून मिळाली, कारण मात्र कळलं नाही. मग ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर कसं?
– स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, लातूर

उत्तर : या चुकीचं मूळ आपल्या ‘आहे’मध्ये आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला माहीत आहे’, ‘मला हवंय’, ‘मला वाटतंय’ यांत ‘आहे’ कुठे उघड आहे, कुठे शब्दात मिसळलेलं. ‘जात आहे म्हणजे इज गोइंग’ हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसतं. त्यामुळे ‘आहे’ ऐकू आलं की जीभ आपसूक ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’कडे वळते.

इंग्रजीला तिथं वेगळाच प्रश्न पडतो : ही चालू असलेली क्रिया आहे, की नुसती स्थिती? ओळखायला सोपी कसोटी अशी की, ती गोष्ट मनात आलं तर मध्येच थांबवता येते का? जेवताना घास खाली ठेवता येतो, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’. भाऊ असणं कुणी मध्येच थांबवत नाही, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, बिलीव्ह, बिलाँग, ओन ही क्रियापदं जवळजवळ नेहमी साध्या वर्तमानातच येतात. एवढी तरी पाठच करावीत. थिंक, टेस्ट, स्मेल यांचं मात्र तसं नाही, ती अर्थ बदलला की रूप बदलतात. ‘आमटी खारट लागतेय’ हे मराठीत चालू वर्तमान आहे, पण इंग्रजीत ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’. आई पळीभर आमटी घेऊन चव बघतेय, तेव्हा ‘शी इज टेस्टिंग द आमटी’. तसंच ‘मला वाटतंय पाऊस येईल’ हे मत झालं, म्हणून ‘आय थिंक’. नोकरी बदलण्याचा विचार डोक्यात घोळतोय, तर ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’.

‘आय ॲम लव्हिंग इट’ हे गप्पांमध्ये कानावर पडतं. सध्याचा आनंद ठासून सांगण्याची ती बोलण्यातली लकब आहे. अर्जात किंवा पेपरात ती वापरू नका.

प्रश्न : ‘शी’ आणि ‘ही’च्या पुढं ‘एस’ लावायचा हे माहीत असूनही लिहिताना राहून जातो, आणि ‘डझ’ असलेल्या प्रश्नात नेमका जास्तीचा लागतो.
– दहावीची विद्यार्थिनी, बारामती

उत्तर : मराठीत जातो, जाते, जातोस, जातात असं क्रियापद पावलोपावली बदलतं. इंग्रजीत साध्या वर्तमानात एकाच ठिकाणी फरक पडतो, म्हणून तो निसटतो. वाक्यात हा ‘एस’ एकदाच येतो, असं धरून चाला. ‘शी वर्क्स’मध्ये तो क्रियापदाला चिकटतो. प्रश्नात किंवा नकारात तो ‘डू’कडे जातो आणि ‘डझ’ होतो. मग मूळ क्रियापद मोकळंच राहतं : ‘डझ शी वर्क?’, ‘शी डझंट वर्क’.

नुसतं लिहून हे बसत नाही, मोठ्यानं म्हणावं लागतं. वर्क्स, हेल्प्स, वेट्स, लाफ्स यांत शेवटी ‘स’ ऐकू येतो. रीड्झ, प्लेझ, गोझ यांत ‘झ’. वॉचिझ, वॉशिझ, चेंजिझ यांत शेवटी ‘इझ’ असं आणखी एक अक्षर वाढतं. ‘सेज’ असा उच्चार बरेच जण करतात, पण खरा उच्चार ‘सेझ’, आणि त्यातला ‘से’ आखूड.

एक सापळा ‘एव्हरीवन’चा. आपण ‘सगळे जातात’ म्हणतो म्हणून ‘एव्हरीवन गो’ लिहिलं जातं. इंग्रजीत हा शब्द एकवचनी आहे : ‘एव्हरीवन गोझ’.

प्रश्न : ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ याला ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ का चालत नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : यात दोन चुका आहेत. पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला मराठीत साधा वर्तमान पुरतो, इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागतं. शिवाय आपला ‘पासून’ काळाच्या लांबीलाही लागतो आणि सुरुवातीच्या क्षणालाही. इंग्रजीत ही दोन कामं वेगळ्या शब्दांकडे आहेत : लांबीला ‘फॉर’, क्षणाला ‘सिन्स’. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स 2015’.

प्रश्न : वाक्प्रचारांच्या याद्या पाठ केल्या, पण बोलताना एकही नीट बसत नाही.
– बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : यादीत शब्द आणि अर्थ एवढंच असतं. काळ आणि सर्वनाम गळून पडतात, आणि वाक्य तिथंच अडतं. ‘एखादं नाव ओळखीचं वाटतंय’ याला ‘दॅट नेम रिंग्ज अ बेल’ म्हणतात. ‘इज रिंगिंग’ केलं की ऐकणाऱ्याला खरीखुरी घंटा आठवते. ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ म्हणजे ‘इट रन्स इन द फॅमिली’, तेही साध्या वर्तमानात. उलट, ‘तो तुझी थट्टा करतोय’ला ‘ही इज पुलिंग युअर लेग’. इथं ‘युअर’ ज्याची थट्टा होते त्याचा. थट्टा माझी असेल तर ‘माय लेग’.

याच वाक्प्रचारात मोठा धोकाही आहे. मराठीत पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याला पुढं जाऊ न देणं. इंग्रजीत ती निव्वळ गंमत असते. ‘माझे सहकारी माझे पाय ओढतात’ अशी तक्रार वरिष्ठांना शब्दशः इंग्रजीत लिहिली, तर ते हसून सोडून देतील, आणि तुमचं गाऱ्हाणं तसंच राहील. ‘आगीत तेल ओतणे’ला ‘ॲड फ्युएल टू द फायर’ आणि ‘नक्राश्रू’ला ‘क्रॉकोडाइल टियर्स’ मात्र जवळजवळ जसेच्या तसे जुळतात.

आठवड्याला पाचच घ्या. प्रत्येकाचं पूर्ण वाक्य वहीत लिहा, काळाखाली रेघ ओढा, त्यातलं माय-युअर-हिज कुणाचं ते शेजारी टिपा आणि स्वतःच्या कामातलं एक वाक्य जोडा. आठवडाभरात बोलताना जो एकदाही वापरला नाही, तो पुढच्या पाचांत पुन्हा घ्या.

प्रश्न : पावसावरच्या निबंधात ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ लिहू का?
– आठवीतल्या मुलाची आई, चिपळूण

उत्तर : व्याकरणानं बरोबर आहे, पण आता जुनाट वाटतं आणि निबंधांत वापरून वापरून झिजलंय. ‘इट इज पोअरिंग’ लिहू द्या. चिपळूणच्या पावसाला तेवढंच पुरेल.