टायटॅनियमचं इम्प्लांट तोंडात गंजतं का? काढून टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की खालच्या जबड्यात टायटॅनियमची दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेली दाताची कृत्रिम मुळं, आहेत, त्रास काही नाही, पण त्यांतून धातूचे कण हिरडीत उतरतात हे वाचल्यापासून चैन नाही. काढून झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, बसवू का, असं विचारताय.

नका काढू. मी दंतवैद्य आहे, दात बसवणं हेच माझं काम. तरीही धातू अजिबात सुटत नाही असं सांगून तुमची समजूत घालणार नाही. सुटतो. कुठून सुटतो हे मात्र नीट समजून घ्या.

लोखंडासारखा तांबडा गंज टायटॅनियमला चढत नाही. हवा लागताच त्याच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. दुधावरची साय काढली तरी पुन्हा धरते, तसाच हा. फक्त इथे ते क्षणार्धात होतं. पेर-इंगवार ब्रॉनमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमधल्या ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट बसवली, त्याने ती ४० वर्षांहून जास्त वापरली. हाड या धातूला इतकं घट्ट धरून राहतं, त्यात या थराचा वाटा मोठा आहे.

अडचण येते ती थर धरायच्या आतच पुन्हा पुन्हा खरवडला जातो तिथे. अशी पहिली जागा म्हणजे सांधा. इम्प्लांटचा हाडातला भाग आणि त्यावर स्क्रूने आवळलेलं अबटमेंट (कॅप धरून ठेवणारा जोडतुकडा) यांच्यात चावताना अगदी सूक्ष्म हालचाल होते. स्क्रू सैल असेल तर ती वाढते, फटीत लाळ आणि जंतू शिरतात, आणि घासणं व रासायनिक झीज एकमेकांना हात देतात. (अबटमेंट आणि स्क्रू पुष्कळदा शुद्ध टायटॅनियमचे नसून ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूचे असतात.) दुसरी जागा म्हणजे साचलेल्या किटणाखालचा भाग: तिथे जंतूंचं आम्ल, ऑक्सिजनही कमी. तिसरं कारण आम्ही स्वतः. धातूच्या टोकाचं स्केलर (किटण खरवडायचं हत्यार) इम्प्लांटवरून फिरवलं की कण सुटतात, आणि इम्प्लांटच्या उघड्या पडलेल्या, स्क्रूसारख्या आट्या बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) घासून गुळगुळीत केल्या तर खूपच सुटतात. रुग्णांना हे क्वचितच सांगितलं जातं.

फ्लोराइडबद्दल उगाच भीती पसरली आहे. रोजच्या टूथपेस्टमधलं १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड, पेस्ट फार आम्लधर्मी नसेल तर, थराला धक्का लावत नाही. फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आले तर मात्र तो थर विरघळू लागतो. म्हणून दवाखान्यात लावायचं आम्लयुक्त फ्लोराइड जेल इम्प्लांटवर नको. साधं न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं, चालतं.

आता मूळ धास्ती. सुजलेल्या, हाड झिजलेल्या इम्प्लांटभोवतीच्या ऊतींमध्ये टायटॅनियम जास्त सापडतं, हे खरं आहे. प्रयोगशाळेत हे कण पेशींना दाहकारक द्रव्यं सोडायला लावतात, हेही खरं. पण सुजेमुळे वातावरण आम्लधर्मी होतं आणि त्यानेही धातू सुटतो. शिवाय निरोगी इम्प्लांटभोवतीही कण आढळतात. त्यामुळे कणांमुळे सूज की सुजेमुळे कण, हे ठरलेलं नाही. हिरडीच्या आजारांच्या वर्गीकरणासाठी २०१७ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी मिळून जी परिषद घेतली, तिथेही कणांना दोषी धरण्याइतका पुरावा मिळाला नाही. भक्कम पुरावा होता तो पूर्वीचा हिरडीचा आजार, साचलेलं किटण आणि नियमित तपासणी टाळणं या गोष्टींविरुद्ध.

झिर्कोनियाकडे वळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की खाली टायटॅनियमच ठेवून वर फक्त झिर्कोनियाचं अबटमेंट बसवलं, तर ते कठीण असल्याने सांध्यात टायटॅनियमला अधिक झिजवू शकतं. म्हणजे धातू टाळायला जाऊन जास्त कण! पूर्ण इम्प्लांट बदलायचं तर हाडाला एकजीव झालेलं बाहेर काढावं लागतं. त्यात थोडं निरोगी हाड जाऊ शकतं, आणि त्यासाठी ड्रिल लागलं तर धातूचा चुराही होतो.

रक्तातलं टायटॅनियम मोजून घेऊ नका. पांढऱ्या रंगासाठी ते कित्येक गोळ्यांत आणि टूथपेस्टमध्ये असतंच, मग आकडा आला तरी तो इम्प्लांटचाच हे कसं ओळखणार? खरी ॲलर्जी दुर्मीळ आहे, आणि त्वचेवरची पॅच टेस्ट टायटॅनियमच्या बाबतीत भरवशाची नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्क्रूचा घट्टपणा पाहायला सांगा, हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीची खोली मोजून घ्या, एक्स-रे आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहायला लावा. सफाईला प्लास्टिकचं टोक किंवा पावडरचा फवारा वापरतात का, हेही विचारा. आणि कॅप जरा जरी हलल्यासारखी वाटली, ब्रश करताना रक्त आलं किंवा पू दिसला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.